सहाव्या ओळीपर्यंत

मॉनिटरचा फोन आला तेव्हा टिपकागद एका आजोबांच्या चष्म्याची दांडी सरळ करत होती.

मॉनिटर म्हणजे चौथीच्या वर्गाचा मॉनिटर. आता त्याला दोन नाती आहेत, गुडघे बदलून झालेत, पण बोलणं अजून फळ्यावर नावं लिहून ठेवणाऱ्या मुलाचंच. आणि टिपकागद म्हणजे चौक ओलांडला की डाव्या हाताला जे चष्म्याचं दुकान लागतं, त्याची मालकीण. एकदा कानावर पडलेलं, एकदा नजरेखालून गेलेलं तिच्या डोक्यात उमटून बसायचं, म्हणून चौथीच्या बाईंनी ते नाव ठेवलं होतं. सत्तेचाळीस वर्षं झाली, वर्गातल्या कुणाच्याही तोंडी ते तसंच होतं. ज्याने त्याने आपलं खरं नाव बायको-नवऱ्यासाठी आणि बँकेसाठी ठेवलं होतं.

"रविवारी अकरा वाजता, शाळेच्याच हॉलमध्ये," मॉनिटर म्हणाला. "एकोणीस जण नक्की आहेत. तू उशीर करायचा नाहीस."

"नाही रे बाबा."

"आणि ऐक, भोवरा सापडला."

तिच्या हातातली दांडी भलतीकडेच वाकली. मॉनिटरला समोरच्याने बोलण्याची गरज कधीच वाटत नाही, त्यामुळे त्याचं चालूच राहिलं. "पण वाईट झालं गं त्याचं. बापासारखाच सुतार झाला. दीड वर्षापूर्वी जुनं लाकूड कापत होता, आत मोडका खिळा होता, तो उडून डाव्या डोळ्यात गेला. डोळा गेलाच. आणि उजवा म्हणे लहानपणापासून आळशी. आता जवळजवळ काहीच दिसत नाही. डॉक्टरांनी हात टेकले. मी म्हटलं, आपली टिपकागद आहे की, तीस वर्षं लोकांचे नंबर काढतेय! गुरुवारी चार वाजता त्याची मुलगी त्याला घेऊन येईल तुझ्याकडे."

"अरे, डॉक्टरांनीच सांगितलंय तर मी काय..."

"गुरुवारी चार," मॉनिटर म्हणाला आणि फोन ठेवून मोकळा झाला.

आजोबांना त्या दिवशी चष्मा दिला तो एका कानावर चढलेला आणि दुसऱ्यावर लोंबणारा. ते बिचारे तसेच घरी गेले.

भोवऱ्याच्या उजव्या डोळ्याची गोष्ट टिपकागदला कुणी सांगायची गरज नव्हती. ती गोष्ट तिचीच होती.

चौथीत त्यांच्या वर्गाने नाटक बसवलं होतं. भोवऱ्याला राजपुत्र केला होता, कारण वर्गात सगळ्यांत उंच तोच आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायच्या. एका जागी बसणं त्याच्या अंगातच नव्हतं, म्हणून भोवरा. बापाच्या कारखान्यात बसून त्याने स्वतःची तलवार स्वतः तासून आणली होती, मुठीवर खिळ्याने नक्षीसुद्धा काढली होती. बाईंनी पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवून पाहिला आणि सहज म्हणाल्या, "बरं झालं तुला चष्मा नाही ते. राजपुत्र कुठे चष्मा लावतो?"

मोठी माणसं असं बोलतात आणि विसरून जातात. ज्याला बोलली तो विसरत नाही. त्यातून दोनच दिवसांनी सूचना आली की सोमवारी सगळ्यांचे डोळे तपासणार.

भोवऱ्याने तिला जिन्याखाली गाठलं. त्याचं धाबं दणाणलं होतं. चाचे-चाचे खेळताना डाव्या डोळ्यावर फडकं बांधलं, तेव्हा त्याला कळलं होतं की उजव्या डोळ्याने नुसतं धुकं दिसतं. घरी सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. "माझा मुकुट काढून घेतील गं," तो म्हणाला आणि चक्क रडायला लागला. वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा रडतोय हे बघून तिला इतकं कसंतरी झालं की तिने काय वाट्टेल ते केलं असतं. आणि तिला करता येण्याजोगं एक होतं.

तपासणीला मुलींची रांग आधी होती. टिपकागद खुर्चीत बसली, एका डोळ्यावर पुठ्ठा धरला, समोरचा तक्ता सहाव्या ओळीपर्यंत वाचला आणि उठेपर्यंत तो तिच्या डोक्यात छापला गेला होता. बाकीच्या मुलींचं होईपर्यंत नळापाशी उभं राहून तिने तो भोवऱ्याला घोकून घेतला. र. प ट. न म ग. व र ल ट. ग प न व म. ट ल र म प न. चालीवर म्हटलं की चटकन बसतं, म्हणून तिने पाढ्यांची चाल लावली. त्याची वेळ आली तेव्हा डाव्या डोळ्याने त्याने खरंखुरं वाचलं आणि उजव्याने, मध्ये मध्ये जरा अडखळल्यासारखं करून, घडाघडा म्हणून दाखवलं. अडखळायचंही तिनेच शिकवलं होतं. डॉक्टरीणबाई सकाळपासून मुलं तपासून दमल्या होत्या. त्यांनी कार्डावर लिहिलं, दोन्ही डोळे उत्तम.

नाटक झालं. मुकुट त्याच्या डोक्यावरच राहिला. तिसऱ्या प्रवेशात तो वाक्य विसरला तेव्हाही पडद्याआडून टिपकागदनेच ते पुरवलं. पुढच्या वर्षी त्याच्या वडिलांनी बिऱ्हाड हलवलं आणि तो गेला.

ही गंमत तिने पुढे किती जणांना सांगितली असेल! मैत्रिणींना सांगितली, लग्न ठरल्यावर नवऱ्याला सांगितली, तो आल्यागेल्याला रंगवून सांगायचा. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग चोविसाव्या वर्षी ती डोळे तपासण्याचं शिक्षण घ्यायला लागली आणि दुसऱ्याच महिन्यात सर आळशी डोळ्यावर बोलले. एक डोळा कमजोर असला की मेंदू त्याचं ऐकणंच सोडून देतो. लहानपणी सापडलं तर चष्मा द्यायचा, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची, आळशाला कामाला लावायचं, नऊ-दहा वर्षांपर्यंत बरंच परत मिळतं. ते वय गेलं की जगातली कुठलीही काच उपयोगाची नाही. म्हणूनच शाळेतल्या तपासणीत असं मूल सुटता कामा नये. आणि सुटलंच, तर मोठेपणी त्याला निदान सांगायचं की बाबा रे, तुला एकच डोळा आहे, चष्म्याची गरज नसली तरी जाड काचेचा चष्मा कायम लाव, हा डोळा गेला तर मागे काही नाही.

टिपकागदने सवयीप्रमाणे शब्द न् शब्द वहीत उतरवला. वही मिटल्यावर तिला कळलं की आपण काय लिहिलं आहे.

त्या दिवसापासून ती गोष्ट बंद झाली. नवऱ्याने पाहुण्यांसमोर सुरू केली की ती उठून आत जायची. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यानेही सोडून दिली, का ते मात्र कधी विचारलं नाही.

गुरुवारी चारला दहा कमी असताना ते आले. टिपकागदने त्याला ओळखलंच नसतं. उंची तेवढी राहिली होती, बाकी सगळं खाली आलं होतं, खांदे, गाल, आवाज. गडद चष्मा. एक हात मुलीच्या खांद्यावर आणि दुसरा पुढे, हवेत. मुलगी पंचविशीची असावी, बापाचंच नाक, कपाळावर आठी.

"ए टिपकागद," तो दाराच्या दिशेला बघत म्हणाला. ती गल्ल्यामागे होती.

"इकडे आहे रे मी."

"मग तिकडून बोलायचं नाही का आधी? मघापासून दाराशी हसतोय मी."

तिने त्याचा हात धरला. तळवा अजून खरखरीत होता. अंगठ्यापाशी लाकडाची कूस शिरून तिथेच मुरल्याची काळी रेघ होती. मुलीने कागदांची पिशवी उघडली आणि रिपोर्ट एकामागून एक काढून काचेच्या कपाटावर मांडले. सगळ्यांत शेवटी तिने प्लॅस्टिकच्या पाकिटातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं.

"हे बघा मावशी. आजीने पेटीत जपून ठेवलं होतं. शाळेतली तपासणी. दोन्ही डोळे उत्तम! डॉक्टर म्हणाले, लहानपणीच सापडायला हवं होतं. सापडेल कसं? या बाईंनी न बघताच लिहून टाकलं असणार. जिवंत असत्या ना, तर घर शोधत गेले असते मी त्यांचं."

"सोड गं ते," भोवरा म्हणाला.

"का सोडू? तुमचा डोळा गेलाय बाबा, कुणाची छत्री हरवलेली नाही."

कार्ड टिपकागदच्या समोर पडलं होतं. अक्षर वळणदार होतं. त्या बाईंना ती चेहऱ्यानेसुद्धा विसरली नव्हती; तपासून झाल्यावर त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं होतं.

तपासणीची खोली आतल्या बाजूला, पडद्यापलीकडे. खोली चिंचोळी, दोनच माणसं मावतील एवढी, म्हणून मुलगी बाहेर स्टुलावर बसली. टिपकागदने भोवऱ्याला खुर्चीत बसवलं, दिवा मालवला, गडद चष्मा उतरवून त्याच्या नाकावर काचा बदलायची जड फ्रेम चढवली. उजवा डोळा तपासताना डावा झाकायला काळी चकती घालायची तिला सवय होती. तिने ती घातली, आणि मग आत बसवलेला खोटा डोळा पाहून काढून ठेवली.

समोरच्या पडद्यावर तिने सगळ्यांत मोठं अक्षर लावलं. एकच.

"काय दिसतंय?"

"क," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "क ना?"

"हो, क." तिने खालची ओळ लावली.

"धुकं."

तिने काच बदलली. धुकं. दुसरी लावली, तिसरी लावली, आडव्या नंबराची फिरवून पाहिली. नऊ काचा झाल्या. दहावीला काही होणार नाही हे तिला पहिलीच्या आधीपासून माहीत होतं, पण हात थांबायला तयार नव्हते. शेवटी तिने पुन्हा तो एकटा क पडद्यावर आणून ठेवला आणि त्याच्यासमोर बसली.

"कुणाला कळलंच कसं नाही रे इतकी वर्षं?"

"कसं कळणार? फळी सरळ आहे का बघायला सुतार एक डोळा मिटतोच. मी नेहमी एकच मिटायचो, एवढंच." तो हसला. "काम शिकवणारे उस्ताद म्हणायचे, तुझी नजर पक्की आहे."

तिला हसता येईना. "भोवऱ्या, मला तुला एक सांगायचंय," ती हळू आवाजात म्हणाली. "ते जे कार्ड आहे ना, त्या बाईंची काही चूक..."

बाहेर स्टूल करकरलं. भोवऱ्याने मान तिकडे वळवली, आणि एकदम, शेजारच्या वर्गाला दार लावायला लावणाऱ्या त्या जुन्या आवाजात, तो म्हणायला लागला.

"र! प ट! न म ग! व र ल ट!"

"अरे, थांब..."

"ग प न व म! ट ल र म प न!"

पाढ्यांची चाल. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तिला तेव्हाच कळलं की याला माहीत आहे. डॉक्टरांनी आळशी डोळा म्हटलं त्या दिवसापासून माहीत असणार, आणि त्याने मुलीला अवाक्षर सांगितलेलं नाही. आता मुलीच्या कानावर जाऊ नये म्हणून तो टिपकागदचं तोंड बंद करत होता. नळापाशी तिने त्याला सावरलं होतं, तसंच.

फक्त पडद्याबाहेर काय ऐकू जाईल, याचा त्या भल्या माणसाने विचार केला नव्हता.

पडदा फर्रकन बाजूला झाला. "बाबा!" मुलगी दारात उभी होती, दोन्ही हात तोंडावर. "सगळं वाचलंत तुम्ही! मावशी, सहा ओळी वाचल्या ना त्यांनी? कुठली काच लावलीत? मी म्हणत होते, डॉक्टरांना काही कळत नाही, मी म्हणतच होते!" आणि ती हसत हसत रडायला लागली. आल्यापासून कपाळावर असलेली आठी कुठल्या कुठे गेली.

भोवऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, ते नुसतं..."

टिपकागदला तेवढा एक क्षण मिळाला होता. काच उतरवून, दमलेत गं ते, पुन्हा कधीतरी बघू, असं काहीतरी म्हणून त्यांना वाटेला लावता आलं असतं. तिने उठून दिवा लावला.

"पडद्यावर बघ," ती म्हणाली.

मुलीने बघितलं. "क," ती म्हणाली. "हे तर एकच अक्षर आहे."

"तेवढंच दिसतं त्यांना. जे त्यांनी म्हटलं तो चौथीतला तक्ता आहे. मी पाठ करून दिला होता. त्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं होतं बाळा, आम्ही त्यांना फसवलं. नाटकात राजपुत्र व्हायचं होतं त्यांना, आणि राजपुत्राला चष्मा नको होता."

मुलगी बापाकडे बघत राहिली. "किती वर्षांचे होतात तुम्ही?"

"नऊ."

नऊ वर्षांच्या पोरांवर कुणी किती रागावणार? पंचविशीतल्या त्या मुलीला ते जमेना, तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. भोवरा सुस्कारा सोडून म्हणाला, "झालं? मला माहीत होतं हे सगळं. पोरं होतो आम्ही. चल आता."

इथे थांबता आलं असतं. माफी अगदी हातात आली होती.

"अजून आहे," टिपकागद म्हणाली. "चोविसाव्या वर्षी मी हे शिकले. तुझा उजवा परत येणार नाही हे तेव्हा कळलं मला. पण हेही कळलं की अशा माणसाला सांगायचं असतं, डावा जप, काम करताना जाड काचेचा चष्मा लाव. मी कितीतरी लोकांना सांगितलंय. गेल्या महिन्यातसुद्धा एकाला सांगितलं. तुला शोधून एवढंच सांगायचं होतं. मी शोधलं नाही. आता काय उपयोग, असं म्हणत राहिले. खरं म्हणजे तू मला काय म्हणशील याची भीती वाटत होती. तीस वर्षं होती माझ्याकडे भोवऱ्या. खिळा उडाला त्याच्या आधीची."

बाहेर दुकानात कुणीतरी आलं, हाक मारली आणि निघून गेलं.

"हे नव्हतं मला माहीत," भोवरा शेवटी म्हणाला.

त्याने चाचपडत जड फ्रेम उतरवली आणि तिच्या हातात न देता मांडीवर ठेवली. मुलीने कागद गोळा केले, पिवळं कार्ड पाकिटात घातलं. तिने टिपकागदकडे पाहिलंसुद्धा नाही. दारापर्यंत गेल्यावर भोवरा थांबला.

"मॉनिटरला सांगितलं होतं मी, रविवारी माझी खुर्ची तुझ्या शेजारी ठेव म्हणून. कोण कोण आलंय ते कानात सांगशील म्हटलं."

"मग?"

"आता बघतो," तो म्हणाला, आणि ते रस्ता ओलांडून गेले.

ती परत आत गेली. नेहमीप्रमाणे नोंदवहीत त्याचं पान उघडलं आणि उजव्या डोळ्यासमोर लिहिलं, फक्त पहिलं अक्षर. मग तिथेच खुर्चीत बसून ती पोटभर रडली.

रविवारी अकराला ती हॉलमध्ये होती. मॉनिटरने खुर्च्या मांडून प्रत्येकीवर टोपणनावाची चिठ्ठी चिकटवली होती. शेजारची खुर्ची रिकामी होती. साडेअकराला हजेरी झाली, भोवऱ्याच्या नावाला कुणीच ओ दिली नाही, आणि टिपकागदने हसून बोलणाऱ्या प्रत्येकाशी हसून बोलण्याचं काम पार पाडलं.

बाराच्या सुमाराला मुलगी त्याला घेऊन आली. सगळे उठून त्याच्याभोवती गोळा झाले, पाठीवर थापा पडल्या, राजपुत्र आला राजपुत्र आला, असा गलका झाला. मुलीने त्याला त्याच्या खुर्चीत बसवलं, टिपकागदशी एक शब्द न बोलता, आणि ती बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिली.

तो समोर बघत बसून होता. ती समोर बघत बसून होती.

"मला राग आलाय," तो हळूच म्हणाला. "तीन दिवस झाले, जात नाही. मला वाटत नाही जाईलसं."

"नको जाऊ दे."

"पण घरी बसून तरी काय करणार होतो?" त्याने मान तिच्याकडे किंचित झुकवली. लहानपणी प्रश्न अडला की झुकवायचा तशीच. "दारापाशी मोठ्याने हसतंय ते कोण?"

"गोटी. खूप जाड झालाय, आणि टक्कल पडलंय."

"खरं सांगतेस?"

"खरं."

"आणि त्याच्या पलीकडे?"

तिने नीट पाहिलं. चष्मा वर सारून, डोळे पुसून पुन्हा पाहिलं. मग एकेक करून, जसं होतं तसं, ती त्याच्या कानात सांगू लागली.